बाजी अंड्यावर आली तेव्हा

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी एक वाजता बाजी, आमच्या घरचा शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा, पिंजऱ्याच्या तळाशी जास्वंदीच्या कुंडीला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही डोळे मिटलेले होते. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. त्याचे डोळे वेगवेगळे फिरतात, एक पुढे तर एक मागे, आणि उजेड असेपर्यंत ते फिरतच राहतात. भर दुपारी डोळे मिटलेले आणि त्यात फांदी सोडून जमिनीवर बसलेला, असं दिसलं की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. मी त्याआधीच सहा दिवस थांबलो होतो.

त्या सहा दिवसांची, त्यांच्या आधीच्या सहा महिन्यांची आणि नंतरच्या वर्षाची ही हकिकत आहे. वजनं आणि तापमानं माझ्या वहीतली आहेत. ज्यांच्या घरी शॅमेलिऑन आहे, त्यातही मादी आहे, त्यांनी ती आपल्या प्राण्याशी ताडून पाहावीत म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

प्राणी आणि पिंजरा

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. ऑगस्टमध्ये मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला तिच्याच हट्टाने शॅमेलिऑनचं पिल्लू घरात आलं. साधारण तीन महिन्यांचं, शेपटीसकट वीतभर. जात वेल्ड शॅमेलिऑन, शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्राटस. मूळ घर येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्येकडचा डोंगराळ भाग. अमेरिकेत पाळले जाणारे शॅमेलिऑन बहुतेक या जातीचे किंवा मादागास्करच्या पँथर जातीचे असतात. आमचं पिल्लू पिंजऱ्यातच जन्मलेलं होतं. दुकानात ‘नर’ म्हणून सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. मुलीच्या रविवारच्या मराठी शाळेत नुकतीच पावनखिंडीची गोष्ट झाली होती, म्हणून नाव बाजी.

पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा, 60 सेंमी लांब, तितकाच रुंद आणि 120 सेंमी उंच. आत जास्वंद आणि मनी प्लांट. ही जात किड्यांबरोबर पानंही कुरतडते, त्यामुळे झाड निवडताना ते पोटात गेलं तर चालेल ना, हे पाहावं लागतं. ही दोन्ही चालतात. वर एक उष्णतेचा दिवा आणि एक यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब. ऊन खायच्या फांदीवर तापमान 32 अंश सेल्सिअस ठेवलं होतं, कारण नरासाठी तेवढं चालतं असं वाचलं होतं. खायला रोज दहाबारा रातकिडे. पिल्लू अधाशासारखं खायचं आणि मुलगी आनंदाने चारायची. वहीत वजनाची रेघ सरळ वर गेलेली दिसते: ऑक्टोबरअखेर 38 ग्रॅम, डिसेंबरअखेर 84 ग्रॅम, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात 126 ग्रॅम. ती रेघ पाहून मला अभिमान वाटायचा. आज ती पाहिली की पोटात गोळा येतो.

सहा दिवस

मंगळवारी बाजीने पहिल्यांदा अन्नाला तोंड लावलं नाही. पाणी मात्र भरपूर प्यायला. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. वरच्या डब्यातून थेंब पडायला लागले की तो पुढे सरकायचा आणि बराच वेळ गिळत राहायचा.

बुधवारी रंग बदलला. फिकट हिरव्याच्या जागी गडद, जवळजवळ काळपट हिरवा आणि त्यावर पिवळे, निळसर ठिपके. शॅमेलिऑन आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठी रंग बदलतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात त्या बदलामागे बहुतेक वेळा तापमान, भीती, राग किंवा शरीरातली अवस्था असते. हे मला माहीत होतं, म्हणून ‘घाबरलाय’ असा अर्थ लावून मी मोकळा झालो. खोलीत नवीन पडदे लावले होते, ते काढले.

गुरुवारपासून तो खाली उतरायला लागला. कुंडीतली माती पुढच्या पायांनी उकरायची, दोन इंचांवर मुळं लागली की सोडून द्यायची. मग पिंजऱ्याच्या तळाचं प्लॅस्टिकचं ताट खरवडायचं. मग एक कोपरा, मग दुसरा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. त्याची धाव त्या ताटापर्यंत होती आणि ताटावर माती नव्हती.

शुक्रवारी आई व्हिडिओ कॉलवर होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी तिने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. मुलगी तिला बाजी दाखवत होती. आई म्हणाली, “अरे, ते खाली काय शोधतंय? कोंबडी अंड्यावर आली की अशीच कोपरे धुंडाळत फिरते. पाटीत थोडं भुसकट घालून दे की त्याला.”

“आई, तो नर आहे.”

“बरं बाबा,” ती म्हणाली आणि विषय बदलला.

तिने दोन मिनिटांत जे ओळखलं, ते मी त्याच संध्याकाळी तपासायला हवं होतं. त्याऐवजी शनिवारी दिव्याची उष्णता दोन अंशांनी वाढवली आणि भूक लागावी म्हणून चरबीदार वॅक्सवर्म अळ्या आणल्या. त्याने एकही खाल्ली नाही. रविवारी फांदीवरची पकड सैल वाटली. सोमवारी दुपारी तो कुंडीशी डोळे मिटून बसलेला सापडला.

दवाखाना

सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य चाळीस मिनिटांवर होते. बाजीला कापडात गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवलं, गाडी आधी तापवली आणि निघालो. बाहेर उणे नऊ होतं.

डॉक्टरांनी बाजीला हातावर घेतलं आणि पोट पाहण्याआधी मागचा पाय उलटा करून टाच पाहिली. या जातीच्या नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर एक मांसल काटा असतो, आणि तो अंड्यातून बाहेर पडतानाच असतो. डोक्यावरच्या उंच तुऱ्यासाठी किंवा रंगांसाठी महिनोन्महिने थांबावं लागत नाही. पिल्लू विकत घेतानाच टाच पाहिली की नर की मादी हे कळतं. बाजीच्या टाचा गुळगुळीत होत्या.

म्हणजे बाजी ती होती. मुलीने नाव बदलायला साफ नकार दिला, म्हणून पुढेही बाजीच.

एक्स-रेमध्ये पोकळीभर लांबट अंडी दिसत होती, मोजता आली तेवढी चाळीसच्या वर. नराशी कधी गाठ पडलेली नसताना. यात नवल काहीच नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, तसंच हेही. वेल्ड शॅमेलिऑनची मादी पाचसहा महिन्यांची झाली की वयात येते, खाणं मुबलक असेल तर अंडी तयार करते आणि ती अंडी तिला जमिनीत पुरायचीच असतात. नर नसेल तर ती फळत नाहीत, एवढाच फरक. पुरायला जागा नसेल तर काही माद्या निरुपायाने अंडी फांदीवरून खाली टाकून मोकळ्या होतात आणि काही ती पोटात धरून बसतात. धरून बसलेली मादी काही दिवसांत मरू शकते.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं ते इथे लिहितो, कारण उपचाराची दिशा त्यावरच ठरली. अंडी अडकण्याचे दोन प्रकार असतात. एकात बीजपुटिका, म्हणजे अंड्यांची कवच येण्याआधीची रूपं, अंडाशयावर वाढत राहतात पण सुटतच नाहीत. तिथे वाळू दिली तरी उपयोग नसतो, बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्यात अंडी कवचासह अंडनलिकेत तयार असतात, पण बाहेर येत नाहीत. बाजीचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. एकही अंडं अवाजवी मोठं किंवा फुटलेलं दिसत नव्हतं, म्हणजे वाट बंद नव्हती. अशक्त असली तरी तिने डॉक्टरांचं बोट धरून ठेवलं होतं.

शेपटीतल्या शिरेतून रक्त घेतलं. कॅल्शियम कमी निघालं. आणि इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. अंडी बाहेर ढकलायला अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावावे लागतात, आणि स्नायूंना त्यासाठी कॅल्शियम लागतं. तेच कॅल्शियम चाळीस-पन्नास कवचांतही गेलेलं असतं. म्हणजे ज्या क्षणी शरीराला त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी ते संपलेलं असतं. मग हाडांतून काढलं जातं. एक्स-रेत तिच्या पायांच्या हाडांच्या कडा जरा फिकट दिसत होत्या. अजून वाकल्या नव्हत्या.

त्वचेखालून कोमट सलाईन आणि कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. कळा आणणारं ऑक्सिटोसिन त्या दिवशी दिलं नाही. सरड्यांमध्ये त्याचा भरवसा कमी असतो आणि जागा न देता कळा आणणं म्हणजे तिच्यावर जबरदस्तीच. सल्ला असा मिळाला: आज रात्रीच वाळूची पेटी द्या, अठ्ठेचाळीस तास वाट पाहा, उद्या पुन्हा इंजेक्शनला आणा. ती आणखी ढासळली किंवा बुधवारपर्यंत काही झालं नाही तर शस्त्रक्रिया.

पेटी

हा भाग सविस्तर सांगतो. नुसतं ‘वाळू ठेवा’ म्हणून भागत नाही.

पेटी म्हणजे कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा, 45 सेंमी लांब, 30 रुंद, 35 खोल. त्यात मुलांच्या खेळायची धुतलेली बारीक वाळू, 25 सेंमी खोलीपर्यंत. मादी बोगदा खणते आणि त्यात पूर्ण शिरते, म्हणून चार इंचांचा थर कामाचा नाही. ओल किती हवी, हे मुलीला सांगायला एकच गोष्ट पुरली: दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज न ढासळता उभा राहील इतकी. मूठ वळली तर गोळा राहिला पाहिजे, पिळली तर पाणी सुटता कामा नये. मी बोटाने आडवं भोक पाडून पाहिलं. ते टिकलं, म्हणजे बोगदा तिच्या अंगावर कोसळणार नव्हता.

रात्री साडेआठला तिला पेटीवर सोडलं. सकाळी सातला ती एका कोपऱ्यात खणत होती. घरात जल्लोष झाला. मुलगी धावत आली, मी मागून आलो, दोघं जाळीला नाक लावून उभे राहिलो. बाजीने मान बाहेर काढली, एक डोळा आमच्याकडे वळवला, आणि हळूहळू खड्ड्यातून बाहेर येऊन फांदीवर चढून बसली. तो बोगदा तिने पुन्हा हातात घेतला नाही.

शॅमेलिऑन पाळणारी अनुभवी माणसं हेच सांगतात: खणताना तिला कोणी पाहिलं तर ती जागा सोडते. जंगलात त्याला अर्थ आहे. झाडावर राहणारा, सावकाश चालणारा हा प्राणी आयुष्यात सर्वांत असहाय असतो तो तोंड मातीत आणि पाठ उघडी असतानाच. आम्ही तिच्यावर जीव लावून उभे होतो, पण तिच्या दृष्टीने आम्ही दोन मोठे, जवळ आलेले डोळे होतो.

मंगळवारी दुपारी दुसरं इंजेक्शन झालं. घरी आल्यावर पिंजऱ्याच्या तीन बाजूंना आणि समोरच्या खालच्या अर्ध्या भागाला जुन्या चादरी लावल्या. खोलीत जायचं ते फक्त पाण्याचा डबा भरायला, तोही चादरीच्या वरून. वरच्या कोपऱ्यात जुना फोन कॅमेरा म्हणून ठेवला. मुलीला हे जड गेलं. बाजी मरत असेल आणि आपण पाहायचंसुद्धा नाही, असं ती रडत म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी पाचला कॅमेऱ्यात वाळू उडताना दिसली. रात्री दिवे बंद झाले तेव्हा ती बोगद्यातच होती. तिथेच झोपू द्यायचं असतं, उचलून फांदीवर ठेवायचं नसतं. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास ती वळून शेपटीकडून आत गेली आणि फक्त नाक बाहेर राहिलं. चार तास तसंच. मग ती बाहेर आली आणि वाळू आत लोटायला लागली. एवढी अशक्त, पाय थरथरत होते, तरी खड्डा बुजवून पायांनी दाबून सपाट केल्याशिवाय ती पेटीतून हलली नाही. त्याला आणखी तीन तास लागले.

वजन 83 ग्रॅम. अंडी 47. तोंडावर आणि पापण्यांच्या घडीत ओली वाळू चिकटलेली. पाणी वीस मिनिटं प्यायली आणि कॅल्शियमची भुकटी लावलेले पाच रातकिडे खाल्ले. शुक्रवारच्या एक्स-रेत पोट रिकामं होतं.

आधीचे सहा महिने

पेटी नसणं हे तातडीचं कारण होतं. पण 47 अंडी आणि खालावलेलं कॅल्शियम हे मी घडवलेलं होतं, आणि तेही हौसेने.

खाणं आणि उष्णता या दोन गोष्टी मादीच्या शरीराला ‘आता सुकाळ आहे’ असं सांगतात. रोज दहाबारा किडे आणि 32 अंशांचं ऊन, म्हणजे रोजच सुकाळ. अंड्यांची संख्या त्यावर ठरते. अती चारलेल्या माद्या सत्तरऐंशी अंडीही घालतात आणि अशा दोनतीन खेपांत झिजून संपतात. नराचं वेळापत्रक मादीला लावलं, ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक.

कॅल्शियमचं म्हणाल, तर रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. म्हणून किड्यांना भुकटी लावतात, आणि किड्यांनाही आधी चांगलं खाऊ घालतात. मी भुकटी आठवड्यातून दोनदा लावत होतो आणि रातकिड्यांना बटाट्याची सालं टाकत होतो. शिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषायला ड-3 जीवनसत्त्व लागतं आणि ते त्वचेत तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात. ट्यूब होती, चालू होती, प्रकाश देत होती. ओळखीच्या एका पाळणाऱ्याकडून मीटर मागून आणला, तेव्हा ऊन खायच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक जेमतेम 1 निघाला. हवा होता 3 च्या आसपास. फांदी ट्यूबपासून फार खाली होती आणि मधली जाळी बराच भाग अडवत होती. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ट्यूब उजळ आहे म्हणजे काम करते आहे, ही समजूत फसवी आहे. स्विस संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेलं काम 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. यूव्हीबी आणि पूरक जीवनसत्त्वं दोन्ही नसलेल्या पिल्लांची हाडं त्यात मऊ पडली. दुकानातून प्राणी घरी येताना हे कुणी तरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. शिकागोच्या हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली आर्द्रता वीस टक्क्यांवर येते. शॅमेलिऑनच्या विष्ठेबरोबर लघवीचा घट्ट भाग पडतो, तो पांढरा असावा लागतो. पिवळा-केशरी झाला की शरीरात पाणी कमी आहे असं समजायचं. माझ्या वहीत जानेवारीत दोनदा ‘पिवळसर’ अशी नोंद आहे. लिहिलं आणि पान उलटलं.

पुढचं वर्ष

ऊन खायची जागा आता 27 अंशांवर आहे. रात्री खोली 18 पर्यंत उतरू देतो, त्याने तिला त्रास होत नाही, उलट बरंच वाटत असावं. ट्यूब जवळ घेतली, मीटरने पाहिलं, वर्षाने बदलायची तारीख तिच्यावरच लिहिली. खाणं एक दिवसाआड, चारपाच किडे: रातकिडे, डुबिया झुरळं, कधी रेशमाच्या अळ्या. किड्यांना मोहरीचा पाला, रताळं, आणि भारतीय दुकानात मिळाला की शेवग्याचा पाला, ज्यात कॅल्शियम भरपूर असतं. पालक बंद, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. साधी कॅल्शियम भुकटी प्रत्येक वेळी, ड-3 आणि जीवनसत्त्वांची महिन्यातून दोनदाच, कारण त्यांचाही अतिरेक बाधतो. पहाटे दोन तास धुकं सोडणारं यंत्र चालतं. वाळूची पेटी पिंजऱ्यात कायमची आहे.

मुलगी उन्हाळ्यात साताऱ्याला गेली तेव्हा आजीने तिला कुंपणाजवळ आपला भारतीय शॅमेलिऑन दाखवला. तो पिंजऱ्यात ठेवू या का, असं एका शेजाऱ्याने विचारलं. मुलीनेच सांगितलं की नाही. तो वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. तो विषारी आहे हीही निव्वळ अफवा आहे, आणि त्यापायी बिचारे मारले जातात. त्याची मादीसुद्धा अंडी घालायला झाडावरून उतरते आणि माती उकरते. रस्ता ओलांडताना दिसली तर वाहनांकडे लक्ष ठेवून तिला ज्या दिशेने जायचं आहे तिकडे जाऊ द्यावं, एवढंच आपलं काम.

जानेवारीत बाजीचा रंग पुन्हा गडद झाला, पिवळे-निळसर ठिपके उठले. वजन 99 ग्रॅम. एक दिवस जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरली. मी कपाटातून चादरी काढायला गेलो तर त्या जागेवर नव्हत्या. मुलीने शाळेतून आल्या आल्या त्या लावून टाकल्या होत्या आणि ती स्वयंपाकघरात, पिंजऱ्याकडे पाठ करून, गृहपाठ करत बसली होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती त्या खोलीत गेली नाही. कॅमेराही लावू नको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादर थोडी बाजूला केली. बाजी वरच्या फांदीवर दिव्याखाली होती, हिरवीगार, नाकावर वाळलेली वाळू. पेटीतली वाळू इतकी सपाट दाबलेली होती की तिने नेमकं कुठे खणलं होतं ते सांगता येत नव्हतं. चमच्याने तीन ठिकाणी उकरल्यावर चौथ्या ठिकाणी अंडी लागली. बावीस.